एका जागी बूड टेकेल तर शपथ

पक्ष्यांच्या कुठल्याही पुस्तकात एक पान असं असतं, की ते उघडलं की भल्याभल्यांना थर्मासमधला चहा आठवतो. खंड्याचं पान उघडलं की सगळे पुढे सरकतात. वेडा राघू तर लहान पोरही ओळखतं. पण पाणथळीतल्या, चिखलात पाय रोवून हिंडणाऱ्या, हिवाळ्याच्या सुमारास येणाऱ्या पक्ष्यांचं पान आलं की मंडळी एकमेकांची तोंडं बघू लागतात. त्या पानावर पक्ष्यांच्या दोन-तीन रांगा, सगळ्यांच्या चोची एकाच दिशेला, आणि झाडून सगळे मातकट. एकाचं वर्णन 'वरून करडा-तपकिरी, खालून पांढरट', शेजारच्याचं 'वरून तपकिरी-करडा, खालून पांढुरका'. वधू-वर सूचक मंडळाच्या वहीतल्या 'गव्हाळ' आणि 'निमगोरा' यांच्यामधली सीमारेषा ज्यांना दिसते, त्यांनीच या पानाच्या वाटेला जावं.

माझं म्हणणं एवढंच, की या पानावरच्या निदान एका पक्ष्याच्या बाबतीत तरी रंगाचा नाद सोडून द्यावा आणि सरळ त्याच्या बुडाकडे बघावं.

हा पक्षी म्हणजे तुतवार. बुलबुलाएवढा, वजनाने पन्नास ग्रॅमच्या आसपास. काही जण त्याला 'तुतारी'ही म्हणतात. पण हल्ली चहाच्या टपरीवर तो शब्द उच्चारला की गप्पा पक्ष्यांवरून पक्षांवर जातात आणि तोवर पक्षी उडून गेलेला असतो. तेव्हा आपण तुतवारच म्हणू.

पुण्यात तो बघायला लांब जायला नको. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट आहे. मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. शहराने नदीत जे जे सोडलं, ते ते इथे येऊन अडतं: जलपर्णी, फेस, निर्माल्य भरलेल्या गाठ मारलेल्या पिशव्या, जोडीदार हरवलेल्या चपला. नदीकडे बघून माणसाला वाईट वाटतं आणि पक्ष्याला भूक लागते, कारण त्या काळ्या गाळात किडे-अळ्यांची रेलचेल असते. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी इथे चक्रवाकांपेक्षा कॅमेरेच जास्त. एरवी सोसायटीच्या जिन्यात धूळ दिसली तर सेक्रेटरीला पत्र लिहिणारे गृहस्थ इथे ओल्या गाळात पालथे पडलेले दिसतात आणि शेजारच्याला म्हणतात, "जरा सरका, माझ्या फ्रेममध्ये तुमची टोपी येतेय."

या गर्दीत तुतवाराला कुणी विचारत नाही. चक्रवाक आहे, शेकाट्या आहे, झाडावर घार-गरुड आहेत. मोठ्या भिंगवाल्यांना रोहित हवे असतात. ते तर कवडीपाटला न थांबता थेट भिगवण गाठतात. तुतवाराकडे बघतात ते नवखे आणि निवृत्त. नवखा बघतो कारण त्याला अजून काय बघायचं नसतं ते ठाऊक नसतं. निवृत्त बघतो कारण वाद घालायला तुतवारासारखा पक्षी नाही.

आमच्याबरोबर बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात आणि आयटीतला एक मुलगा असतो. मुलाकडे पक्षी ओळखायचं ॲप आहे, काकांकडे वेळ आहे. त्यांचा संवाद साधारण असा चालतो.

"काका, हिरवा तुतवार!"

"कशावरून?"

"पाय हिरवट आहेत ना."

"तुझे बूटही हिरवे आहेत. छाती बघ, छाती."

काकांचा मुद्दा बिनतोड आहे. हिरवा तुतवार हा निराळा पक्षी, आणि त्याच्या अंगावर हिरवं असं काही शोधायला गेलं तर दिवस मावळेल. तो दिसतो काळसर. बसला असताना पाठ गडद आणि पोट पांढरं. उडाला की शेपटीच्या मुळाशी लख्ख पांढरा चौकोन. आणखी एक भावंड म्हणजे ठिपकेवाला तुतवार. त्याच्या पाठीवर पांढुरके ठिपके सांडलेले, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई, पाय पिवळसर आणि जरा लांब. उडाला की शेपटीच्या मुळाशी यालाही पांढरं दिसतं. म्हणजे उडताना शेपटीपाशी पांढरं दिसलं, तर तो आपला साधा तुतवार नक्की नाही. साध्या तुतवाराची पाठ शेपटीपर्यंत सरसकट तपकिरी; पांढरं असतं ते पंखांवर, लांब रेघेसारखं.

आता छाती. तुतवाराची छाती दोन्ही बाजूंनी तपकिरी असते आणि खालून पोट पांढरं. पण पोटाचा हा पांढरा रंग तिथेच थांबत नाही. छातीचा तपकिरी भाग आणि मिटलेला पंख यांच्या मधल्या फटीतून तो वर चढतो आणि खांद्याशी टोकदार होऊन संपतो. एकदा ही पांढरी पाचर नजरेत भरली की पुढे दुर्बिणीशिवायसुद्धा, नदीच्या पलीकडच्या काठावरचा तुतवार सांगता येतो. शिवाय त्याची शेपटी मिटलेल्या पंखांच्या पुढे चांगली लांब निघालेली असते, त्यामुळे मागचा भाग जरा जास्तच झालाय असं वाटतं. पाचर, पंखावरची रेघ, लांब शेपटी, एवढं तपासलं की मुलाचं ॲपही काकांशी सहमत होतं. काका त्या वेळी ॲपकडे ज्या नजरेने बघतात, ती त्यांनी बँकेत नव्या रोखपालाकडे टाकली असणार.

पण हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात पाचर दिसायला पक्षी एका जागी उभा तर राहिला पाहिजे! आणि तुतवाराचा सगळा घोळ तिथेच आहे.

थर्माकोलच्या एका खोक्याचं झाकण बंधाऱ्याच्या कडेला अडकलेलं असतं. त्यावर तुतवार येतो. पुढचा भाग शहाण्यासारखा स्थिर, मान किंचित पुढे, नजर पाण्याच्या कडेवर. आणि मागचा भाग मात्र खाली-वर, खाली-वर. नुसती शेपटी नव्हे. कमरेपासून मागचा सगळा ऐवज. चालायला लागला की पुढे मानेचे झटके सुरू होतात, मागे बुडाचे हिंदोळे चालूच असतात, आणि दोघांचा ताल एकमेकांशी जुळत नाही. मध्येच थांबतो. आपल्याला वाटतं, आता स्थिर झाला. थांबतात ते फक्त पाय. त्यातून झाकण स्वतःही पाण्यावर हलत असतं. लाखांच्या घरातलं भिंग लावून बसलेल्या गृहस्थांच्या कॅमेऱ्यात तीनशे फोटो येतात. त्यांतल्या निम्म्यांत डोळा स्पष्ट असतो, निम्म्यांत शेपटी, आणि अख्खा पक्षी एकाच वेळी स्पष्ट असलेला फोटो आला की ते गृहस्थ सगळ्यांना भजी खाऊ घालतात.

हिरवा आणि ठिपकेवाला हेही बूड हलवतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ते हलवतात आणि थांबतात. तुतवाराला थांबा ठाऊक नाही. नदीकाठचा धोबीही शेपटी हलवतो, पण धोब्याची मुख्यतः लांबलचक शेपटीच हलते, बाकी देह आपल्या कामात असतो. शिवाय धोबी चार पावलं धावतो, मध्येच माशीमागे उडी मारतो, एकूण गडी आनंदी. तुतवाराच्या चेहऱ्यावर मात्र मागे काय चाललंय याची आपल्याला काही कल्पनाच नाही, असा भाव असतो.

तो बूड का हलवतो, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. आणि ज्या प्रश्नावर शास्त्रज्ञांचं एकमत नसतं, त्यावर कवडीपाटला प्रत्येकाचं ठाम मत असतं. एक विचार असा, की वाहत्या पाण्याच्या कडेला सगळंच लुकलुकत, हलत असतं. तिथे निश्चल राहणारा उलट उठून दिसेल, म्हणून हालचालीत हालचाल मिसळून टाकायची. दुसरा असा, की शिकाऱ्याला ही सूचना आहे: मी तुला बघितलंय, मी जागा आहे, उगाच श्रम घेऊ नकोस. तिसऱ्या बाजूचे लोक तोल सावरण्याकडे बोट दाखवतात. काकांच्या मते ही सरळसरळ सवय आहे. त्यांच्या शाखेत एक लेखनिक बसल्या बसल्या असाच पाय हलवायचा आणि त्याची बदली झाल्यावर टेबल आपोआप स्थिर झालं. या सिद्धांतात एक अडचण आहे. सवय कुणाचं तरी बघून लागते. तुतवाराचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडून अंग वाळतं न वाळतं तोच, अजून शेपटी म्हणावी असं मागे काही फुटलेलंही नसताना, मागचा भाग हलवायला लागतं. म्हणजे हे शिक्षण घरूनच आलेलं आहे.

त्याचं उडणंही बाकीच्यांपेक्षा वेगळं. आपण दोन पावलं जास्त पुढे टाकली की तो 'ट्वी-वी-वी' असं बारीक, घाईघाईने ओरडत निघतो आणि पाण्याला जवळजवळ चिकटून जातो. पंख ताठ, आणि शरीराच्या पातळीच्या फारसे वर न जाणारे. थोडा वेळ थरथर, मग पंख खाली झुकवून तरंगणं, पुन्हा थरथर. नदीवर अर्धवर्तुळ काढून पुन्हा त्याच काठाला, जरा पुढे उतरतो. उतरल्याक्षणी बूड सुरू. टिटवी उडाली की सगळ्या पंचक्रोशीला कळतं. तुतवार उडाला की फक्त ज्याने उडवला त्यालाच कळतं. आणि त्यालाही वाटतं, आपण काही केलं नाही.

स्वभावाने गडी एकटा. समुद्राकाठी किंवा उजनीच्या फुगवट्यावर इतर चिखलपक्ष्यांचे थवेच्या थवे एकदम उठतात, वळतात, बसतात. तुतवाराला ही सामुदायिक कवायत मान्य नाही. काठाचा एक तुकडा तो आपला ठरवतो आणि दिवसभर तोच वरून खाली, खालून वर तपासत राहतो. खाण्याची रीतही तशीच. पाणलावा लांब चोच चिखलात मुळापर्यंत खुपसून आत काय आहे ते चाचपतो. तुतवार नजरेवर चालतो. दगडाच्या बेचक्यात माशी बसलीय असं दिसलं की मान आखडून, अंग खाली घेऊन, दबकत दबकत जवळ जातो आणि टपकन उचलतो. या दबकण्याच्या वेळी तरी मागचं आंदोलन थांबावं अशी माशीची अपेक्षा असेल, पण ते सगळ्या वेळी थांबतंच असं नाही. त्याच्या तुकड्यात दुसरा तुतवार उतरला, तर शेपटी फुलवून, पंख उचलून त्याला हाकललं जातं. दुसऱ्या जातीचा पक्षी आला तर मात्र सहसा हरकत नसते. भांडण मुख्यतः भाऊबंदांशी. गावाकडे ज्यांची जमीन आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

एका गोष्टीबद्दल मात्र मी या पक्ष्याला मनापासून मानतो. ससाणा मागे लागला आणि पळायला जागा उरली नाही, तर तुतवार सरळ पाण्यात बुडी मारतो आणि पंखांच्या जोरावर पाण्याखाली पोहतो. काठाकाठाने तळवे भिजवत हिंडणारा, पोहण्याची कसलीही सोय पायाला नसलेला पक्षी! हे कवडीपाटला घडलं तर पाण्याखाली त्याला काय काय भेटेल, याचा विचार ससाण्यानेही करावा असा आहे.

आता येतो कुठून? तुतवाराचं माहेर फार पसरलेलं: युरोपपासून सैबेरिया ओलांडून जपानपर्यंत, आणि आपल्याकडे काश्मीर-लडाखातल्या नद्यांच्या काठी. आपल्यासमोरच्या थर्माकोलवर बसलेला यांतला नेमका कुठला, हे त्याच्या पायात कडं असल्याशिवाय सांगता येत नाही. तिकडे थंड पाण्याच्या ओढ्याकाठी, गवतात किंवा झुडपाखाली जमिनीवरच खळगा करून मादी बहुधा चार अंडी घालते. तीन आठवड्यांच्या आसपास दोघं आळीपाळीने उबवतात. पिल्लं बाहेर आली की लगेच चालू लागतात, आणि ती नीट उडू लागायच्या आत अनेकदा आई दक्षिणेचा रस्ता धरते. पोरं बापाच्या पदरात. हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या मादीचा पत्ता मिळाला तर दे मला." त्यांना मी अजून अमेरिकेतल्या ठिपकेदार छातीच्या तुतवाराबद्दल सांगितलेलं नाही. तिथे मादी जागा राखते, एकामागून एक असे चारपर्यंत नर करते, आणि अंडी सांभाळायचं काम बहुतांशी त्या त्या नरावर सोपवते. काकांचा आणि माझा जुना स्नेह आहे, तो टिकावा अशी इच्छा आहे.

हिरव्या तुतवाराची तऱ्हा आणखी निराळी. तो उत्तरेतल्या दलदलीच्या जंगलात झाडावर, दुसऱ्या पक्ष्यांनी सोडून दिलेल्या जुन्या घरट्यात संसार थाटतो. पिल्लं एक-दोन दिवसांची झाली की वरून सरळ खाली उड्या टाकतात. हे आमच्या आयटीवाल्या मुलाला फार आवडलं, कारण तोही भाड्याच्या घरात राहतो.

परतीच्या वाटेवर तुतवारांतले मोठे आधी निघतात. पोरं मागून, स्वतःची स्वतः. कुणी रस्ता दाखवायला बरोबर असेलच असं नाही. बरेचसे प्रवास रात्रीचे. जेमतेम दोन-अडीच महिन्यांचं ते पोर एका रात्री उठतं आणि जिथे कधी गेलेलं नाही, तिथे जायला निघतं. शिकवणीचा वर्ग दोन चौक पलीकडे असला तरी पोराला गाडीवर सोडायला जाणाऱ्या आपल्या गावात हे फार बोलू नये.

प्रवासाचा विषय निघाला की पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं नाव घ्यावंच लागतं. हाही त्याच मातकट पानावरचा. अलास्कात जन्मलेला, जेमतेम पाच महिन्यांचा एक पाणटिवळा ऑक्टोबर 2022 मध्ये पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र घेऊन निघाला आणि थेट ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर उतरला. 13,560 किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये कुठेही थांबा नाही. या जातीचे पक्षी निघण्याआधी अंगावर भरपूर चरबी चढवतात आणि जठर-आतडी आक्रसून घेतात. वाटेत खायचंच नाही, तर ते ओझं कशाला? साताऱ्याच्या गाडीत बसल्याबरोबर चिवड्याचा डबा उघडणाऱ्या आपल्या लोकांना हा तपशील सांगितला की ते चिवडा पुढे करतात.

तुतवार एवढा पराक्रमी नसेल, पण वेळेचा पक्का आहे. पाऊस अजून पडत असतो, नदी गढूळ असते, गणपतीच्या मांडवांचे बांबूही उभे राहिलेले नसतात, तेवढ्यात पहिला तुतवार हजर. जुलैच्या अखेरीस, नाहीतर ऑगस्टात. जातो तो एप्रिल-मेमध्ये. काही तर उन्हाळ्यातही रेंगाळतात. म्हणजे वर्षातले आठ महिने तरी स्वारी इथेच. तरीही वर्तमानपत्रात दर वर्षी 'परदेशी पाहुण्यांचे आगमन' असा मथळा येतो आणि शेजारी फोटो असतो रोहिताचा. तुतवाराने रहिवासी दाखला मागितला, तर आमच्या वॉर्डातल्या बऱ्याच लोकांपेक्षा त्याची कागदपत्रं मजबूत निघतील. वर्षातले सहा महिने अमेरिकेत मुलाकडे असणारे आमच्या सोसायटीतले अध्यक्ष पुणेकर, आणि आठ महिने मुठेच्या काठी उभा असलेला हा मात्र परदेशी!

शहरात आता नदीचा काठ बांधायचं काम चाललंय. गाळ हटवून दगड-काँक्रीट, पायऱ्या, फिरायला रस्ता. पाणलाव्याला हे परवडणारं नाही. त्याची सगळी चोच मऊ चिखलाच्या भरवशावर घडलेली. काँक्रीटवर ती आपटून तो काय करणार? शेकाट्यालाही उथळ, संथ पाणी लागतं. यांच्यासाठी मला खरोखर वाईट वाटतं आणि तिथे विनोद सुचत नाही. तुतवार तेवढा निभावून नेईल. त्याला दगड चालतो, बंदराचा धक्का चालतो, धरणाची भिंत चालते, काहीच नसलं तर थर्माकोल चालतं.

निभावून न्यायचा सराव त्याने सुरूही केलाय. नव्या काठावर सकाळी धावायला येणारे एक गृहस्थ आहेत. कानात गाणी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. ते आले की तुतवार उडतो, पाण्यावरून अर्धवर्तुळ काढून पंचवीस-तीस पावलं पुढे उतरतो. गृहस्थ तिथे पोचतात, तो पुन्हा उडतो. असं होत होत त्याच्या तुकड्याची हद्द आली की यांना लांबून वळसा घालून मागे जातो. परतीच्या फेरीत पुन्हा तेच. एके दिवशी ते कानातली गाणी काढून आमच्यापाशी थांबले.

"तुम्ही पक्ष्यांचं बघता ना? त्या दगडावरच्याला काहीतरी झालंय हो. रोज बघतोय, थंडीने कापतोय बिचारा. तुमच्याकडे त्या पक्षी वाचवणाऱ्या लोकांचा नंबर असेल ना?"

काकांनी दुर्बीण खाली ठेवली. गृहस्थांना बसायला दगड दाखवला. मग पाचर सांगितली, पंखावरची रेघ सांगितली, हिरवा कसा हिरवा नसतो ते सांगितलं, धोब्याचा फरक स्वतः उभं राहून करून दाखवला, पिल्लाचं सांगितलं, तिन्ही सिद्धांत सांगितले आणि बँकेतल्या लेखनिकाचा चौथाही सांगितला. गृहस्थांच्या घड्याळाने मध्ये दोनदा 'उठा, चाला' अशी सूचना दिली. पंधरा-वीस मिनिटांनी काका थांबले, तेव्हा ते उठले, पँट झटकली, पुन्हा एकदा त्या दगडाकडे बघितलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, "म्हणजे औषध काहीच नाही का यावर?"